डेटा हॅकेथॉनमध्ये नेमकं काय करायचं असतं?

‘डीप लर्निंगचा एक ऑनलाइन कोर्स केलाय, तोही अर्धाच. अशात हॅकेथॉनला नाव नोंदवू का?’ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. नोकरी करणारेही विचारतात, जरा दबक्या आवाजात.

माझं उत्तर आहे, नोंदवा. त्या एक-दोन दिवसांत गाडी जिथे अडते, ती जागा कोर्सच्या उरलेल्या अर्ध्या भागात बहुधा नसतेच. न्यूरल नेटवर्क आज पाच-सात ओळींत उभं करता येतं, आणि त्या ओळी तयार मिळतात. अवघड काम वेगळं आहे. आपलं मॉडेल खरोखर किती चांगलं आहे, हे कुणी न सांगता स्वतः मोजता यायला हवं, आणि आकडा मनाविरुद्ध आला तरी मान्य करता यायला हवा. हे प्रकरण प्रामुख्याने त्याबद्दल आहे.

१. हातात काय पडतं

हॅकेथॉनचे प्रकार अनेक. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०१७ साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांचा संघ असतो, सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते आणि शेवटी परीक्षकांपुढे चालतं-बोलतं काहीतरी दाखवावं लागतं. डेटा सायन्सच्या हॅकेथॉनमध्ये मात्र निकाल बहुतेकदा आकड्यावर लागतो. अॅनालिटिक्स विद्या, हॅकरअर्थ यांसारख्या आपल्याकडच्या संकेतस्थळांवर अशा स्पर्धा शनिवार-रविवारी होत आल्या आहेत. २०१० साली सुरू झालेल्या आणि २०१७ साली गूगलने विकत घेतलेल्या कॅगलवर त्या बरेचदा दोन-तीन महिने चालतात. मुदत वेगळी असली तरी सांगाडा एकच.

स्पर्धा सुरू झाली की तुम्हाला दोन फाइली मिळतात. पहिलीत उदाहरणं असतात आणि प्रत्येकासमोर खरं उत्तरही असतं. तिला ट्रेन फाइल म्हणतात. दुसरीत तशीच उदाहरणं असतात, पण उत्तराचा रकाना गायब असतो. ती टेस्ट फाइल. पहिलीवरून शिकायचं, दुसरीतली उत्तरं ओळखायची आणि ती अपलोड करायची. याला सबमिशन म्हणतात. आयोजकांकडे खरी उत्तरं असतात. ती ताडून तुम्हाला गुण मिळतात आणि लीडरबोर्डवर, म्हणजे गुणवत्ता यादीत, तुमच्या संघाचं नाव वर किंवा खाली सरकतं. दिवसाला किती सबमिशन करायची यावर मर्यादा असते. ती का असते, हे पुढे येईलच.

२. पहिलं सबमिशन: ज्यात काही शिकलेलंच नाही

कॅगलवर नवशिक्यांसाठी टायटॅनिकची एक कायमची सराव-स्पर्धा आहे. १९१२ साली बुडालेल्या त्या जहाजावरच्या ८९१ प्रवाशांची माहिती ट्रेन फाइलमध्ये आहे: नाव, वय, लिंग, तिकिटाचा वर्ग, भाडं आणि तो प्रवासी वाचला की नाही. टेस्ट फाइलमध्ये आणखी ४१८ प्रवासी आहेत. त्यांच्यातलं कोण वाचलं, ते सांगायचं.

संगणकाला काहीही न शिकवता सुरुवात करू. ८९१ पैकी ५४९ जण दगावले. ‘सगळे दगावले’ असं सरसकट उत्तर दिलं तरी ६१.६ टक्के उत्तरं बरोबर येतात. ही आपली तळरेषा, म्हणजे बेसलाइन. यापुढे कुणी ‘माझं मॉडेल ६३ टक्के अचूक आहे’ म्हणालं, तर त्यात मॉडेलचं कर्तृत्व किती, हे तुम्हाला लगेच कळेल.

आता एकच रकाना बघा: लिंग. ३१४ स्त्रियांपैकी २३३ वाचल्या, ५७७ पुरुषांपैकी १०९. म्हणून नियम करू, ‘स्त्री असेल तर वाचली, पुरुष असेल तर नाही’. बरोबर उत्तरं किती? २३३ स्त्रिया आणि न वाचलेले ४६८ पुरुष, एकूण ७०१. म्हणजे ७८.७ टक्के. एका रकान्याने सतरा टक्क्यांची उडी मारली.

आणखी जवळ जाऊ. नावांचा रकाना बहुतेक जण निरुपयोगी समजून पहिल्या फटक्यात काढून टाकतात. पण त्या काळच्या ब्रिटिश रिवाजाप्रमाणे लहान मुलग्याच्या नावापुढे ‘मास्टर’ लावत. यादीत असे ४० मुलगे आहेत आणि त्यातले २३ वाचले, कारण बोटींमध्ये स्त्रियांबरोबर मुलांनाही आधी चढवलं होतं. शिवाय वयाचा रकाना १७७ ठिकाणी कोरा आहे, तिथे हा ‘मास्टर’ वयाचंही काम करतो. ‘मास्टर असेल तर वाचला’ एवढं जोडलं की १७ उत्तरं चुकतात आणि २३ सुधारतात. ७०७ बरोबर, ७९.३ टक्के.

कच्च्या माहितीतून असा उपयोगी रकाना घडवणं, याला फीचर इंजिनिअरिंग म्हणतात. भारदस्त नावाने दचकू नका. ज्याला विषयाची जाण आहे आणि फाइल निवांत वाचायची तयारी आहे, त्याला हे जमतं. संघात कोडिंग न येणारी, पण वैद्यक, शेती किंवा बँकेचं कामकाज जाणणारी एखादी व्यक्ती असेल तर तिचं मोल इथे कळतं.

३. अपेक्षित प्रश्नसंच आणि प्रिलिम

वरचे सगळे टक्के आपण ज्या यादीवरून नियम काढला, त्याच यादीवर मोजले. ‘स्त्री वाचली, पुरुष नाही’ हाच नियम न पाहिलेल्या ४१८ प्रवाशांना लावला, तर ३२० उत्तरं बरोबर येतात: ७६.६ टक्के. इतक्या साध्या नियमाचेही दोन टक्के गळाले. लाखो आकडे जुळवून घेणारं न्यूरल नेटवर्क असेल, तर किती गळतील?

दहावीच्या वर्षाची आठवण काढा. एखादा मुलगा अपेक्षित प्रश्नसंच अक्षरन् अक्षर पाठ करतो. त्याच संचातले प्रश्न विचाराल तर शंभरपैकी शंभर. बोर्डाने तोच धडा जरा फिरवून विचारला की पेन थांबतं. म्हणून शाळा मध्ये प्रिलिम घेते, संचाबाहेरच्या प्रश्नांची. डेटाच्या जगातही अगदी हीच व्यवस्था आहे. ट्रेन फाइल हा प्रश्नसंच. तिच्यातल्या साधारण पंचमांश ओळी सुरुवातीलाच बाजूला काढून मॉडेलपासून लपवायच्या. त्यांना व्हॅलिडेशन म्हणतात, ही प्रिलिम. आणि आयोजकांकडची उत्तरं म्हणजे बोर्ड.

डीप लर्निंगमध्ये मॉडेल सगळी ट्रेन फाइल पुन्हा पुन्हा वाचतं. एका पूर्ण वाचनाला इपॉक म्हणतात. प्रत्येक इपॉकनंतर पडद्यावर दोन आकडे उमटतात: शिकलेल्या ओळींवरची चूक आणि लपवलेल्या ओळींवरची चूक. सुरुवातीला दोन्ही उतरतात. मग एका टप्प्यावर पहिला उतरतच राहतो आणि दुसरा थबकून हळूहळू चढू लागतो. तिथे मॉडेलचं शिकणं संपलं आणि पाठांतर सुरू झालं. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. रात्री दोन वाजता डोळे मिटत असताना पहिल्याच आकड्याकडे बघून खूश होण्याचा मोह अनावर असतो. नजर दुसऱ्यावर ठेवायची.

हाच धोका लीडरबोर्डमध्येही लपलेला असतो. स्पर्धा चालू असताना यादीत दिसणारे गुण टेस्ट फाइलच्या एका भागावरचे असतात. उरलेल्या भागावरचे गुण मुदत संपल्यावरच उघड होतात आणि अंतिम क्रमांक त्यावर ठरतो. दिसणाऱ्या गुणांसाठी कुणी शंभरदा फेरफार करत बसला, तर नकळत तो त्या भागाचंच पाठांतर करतो. सबमिशनवर मर्यादा असते ती यासाठी. निकालाच्या दिवशी पहिल्या दहातले संघ कित्येक पायऱ्या घसरताना दिसतात आणि खालचा एखादा शांतपणे वर येतो. वर येणाऱ्याने बहुतेकदा आपल्या प्रिलिमवर भरवसा ठेवलेला असतो.

या सगळ्या पद्धतीला मोठी प्रसिद्धी मिळाली ती नेटफ्लिक्सच्या स्पर्धेमुळे. ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. १७,७७० चित्रपटांना सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी दिलेले १० कोटींहून अधिक तारांकित अभिप्राय खुले केले आणि आव्हान दिलं: कोणता ग्राहक कोणत्या चित्रपटाला किती तारे देईल, हे आमच्या पद्धतीपेक्षा १० टक्के अधिक अचूक सांगा. २००९ साली दोन संघ शेवटपर्यंत झुंजले. लपवलेल्या भागावर दोघांची सरासरी चूक चौथ्या दशांशापर्यंत सारखी निघाली, ०.८५६७. ज्यांचं सबमिशन २० मिनिटं आधी पोचलं होतं, ते जिंकले. पुढे नेटफ्लिक्सने ते शेवटचं, शेकडो मॉडेलांचं मिश्रण प्रत्यक्ष वापरात आणलंच नाही. मिळणाऱ्या अचूकतेच्या मानाने ते चालवण्याचा खटाटोप फार होता. स्पर्धेच्या वाटेवर सापडलेल्या दोन साध्या पद्धती मात्र कंपनीने वापरल्या.

४. गुण कशाचे?

स्पर्धेच्या पानावर ‘मूल्यमापन’ नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. तो न वाचता कोड लिहायला बसणारे संघ मी पाहिले आहेत, आणि फार वाईट वाटतं, कारण सगळा खेळ त्या परिच्छेदात ठरलेला असतो.

२०१९ साली कॅगलवर झालेली डोळ्यांची स्पर्धा घेऊ. मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात. वेळेवर कळलं नाही तर दृष्टी जाते. मदुराईत सुरू झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे तंत्रज्ञ खेड्यापाड्यांत जाऊन रुग्णांच्या या पडद्याचे फोटो काढतात आणि नेत्रतज्ज्ञ ते तपासून निदान करतात. फोटोंच्या मानाने तज्ज्ञ कमी. म्हणून स्पर्धेत ३,६६२ फोटो दिले गेले. प्रत्येकाला डॉक्टरांनी ० ते ४ अशी श्रेणी दिलेली: ० म्हणजे आजार नाही, ४ म्हणजे सर्वांत गंभीर.

फोटो दिसायला असा: काळ्या चौकटीत नारिंगी गोल, एका बाजूला फिकट पिवळी चकती, तिच्यातून फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या. आजाराच्या सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, इतके बारीक की फोटो लहान केला तर पुसलेच जातात. संगणकाला वेगाने चालवायला फोटो छोटे करावे लागतात, आणि नेमका आजारच छोट्या फोटोतून निसटतो. किती छोटा करायचा, हा निर्णय कोणत्याही नेटवर्कच्या निवडीइतकाच मोलाचा.

या फोटोंपैकी १,८०५ शून्य श्रेणीचे होते, ३ श्रेणीचे केवळ १९३. डोळे झाकून ‘सगळे शून्य’ म्हटलं तर ४९ टक्के उत्तरं बरोबर, आणि एकही आजारी माणूस सापडलेला नाही! अशा ठिकाणी साधी टक्केवारी कुचकामी ठरते. म्हणून आयोजकांनी वेगळं माप निवडलं, क्वाड्रॅटिक वेटेड कप्पा. सूत्र बाजूला ठेवू. त्याचा गाभा दोन गोष्टींत आहे. एक, नुसत्या योगायोगाने जेवढं जुळलं असतं त्याचं श्रेय मिळत नाही. ‘सगळे शून्य’ म्हणणाऱ्याला गुणही शून्य. दोन, चूक जितकी लांबची, तितका दंड वर्गाच्या पटीत वाढतो. १ ऐवजी २ म्हटलं तर दंड १. ० ऐवजी ४ म्हटलं तर दंड १६.

समजा पहिल्या मॉडेलने दहा रुग्णांच्या बाबतीत प्रत्येकी एका श्रेणीची चूक केली. दंड १०. दुसऱ्याने दोनच रुग्ण चुकवले, पण ४ श्रेणीच्या दोघांनाही ‘आजार नाही’ म्हणून घरी पाठवलं. दंड ३२. चुका मोजल्या तर दुसरं सरस. डॉक्टरांना आणि या मापाला पहिलं सरस. माप समजलं की पुढचं शहाणपणही सुचतं. ० ते ४ या सुट्या खुणा नाहीत, एकाच आजाराच्या चढत्या पायऱ्या आहेत, तेव्हा मॉडेलला सरळ १.७ किंवा ३.२ असा आकडा सांगू द्यावा आणि शेवटी तो जवळच्या श्रेणीत बसवावा. पुष्कळ संघांनी हाच मार्ग घेतला.

५. डीप लर्निंग कधी, आणि कोणाच्या जिवावर

तक्त्यासारखी, रकान्यांची माहिती असेल तर डीप लर्निंगच्या मागे लागू नका. अनेक छोटे निर्णयवृक्ष एकापाठोपाठ एक उभे करून, प्रत्येकाने आधीच्यांच्या चुका दुरुस्त करायच्या, अशी एक पद्धत आहे. एक्सजीबूस्ट हे तिचं गाजलेलं रूप. २०१५ मध्ये कॅगलच्या ब्लॉगवर आलेल्या २९ विजेत्या उत्तरांपैकी १७ मध्ये ते होतं. न्यूरल नेटवर्क ११ मध्ये. कर्जफेड, विमा, विक्रीचा अंदाज अशा विषयांत आजही सुरुवात तिथूनच करावी.

फोटो, आवाज, भाषा आली की मात्र डीप लर्निंगला तोड नाही. याचा निर्णायक पुरावाही एका स्पर्धेनेच दिला. १,००० प्रकारच्या वस्तू ओळखायच्या इमेजनेट स्पर्धेत २०१२ साली अॅलेक्सनेट या नेटवर्कची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२.

पण तिथे शिकायला सुमारे १२ लाख चित्रं होती. आपल्याकडे ३,६६२ डोळे. एवढ्यावर कसं भागणार? इथे उधारी कामी येते. त्या लाखो चित्रांवर शिकून तयार झालेलं नेटवर्क फुकट उतरवून घेता येतं. कडा, रंग, पोत ओळखायला ते आधीच शिकलेलं असतं. आपण फक्त शेवटचे थर डोळ्यांसाठी नव्याने शिकवायचे आणि बाकीचे हलकेच सुधारायचे. याला ट्रान्सफर लर्निंग म्हणतात. आपल्या लॅपटॉपवर जीपीयू, म्हणजे असं गणित झपाट्याने करणारी चिप, नसली तरी कॅगल आणि गूगल कोलॅबवर ती मर्यादित वेळ फुकट मिळते. अर्धा कोर्स झालेल्या माणसाने हॅकेथॉनला जावं, असं मी म्हणतो ते या भरवशावर.

६. उत्तर फुटलेलं असतं तेव्हा

गुण अचानक फार चांगले आले तर आनंद करण्याआधी संशय घ्या. बहुतेक वेळा कुठून तरी उत्तर झिरपलेलं असतं. याला लीक म्हणतात.

२००८ च्या केडीडी कप स्पर्धेत स्तनांच्या एक्स-रेवरून कर्करोग ओळखायचा होता. आयबीएमच्या संशोधकांच्या लक्षात आलं की रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावरूनच कर्करोगाचा चांगला अंदाज येतो. क्रमांकात रोग कसा असेल? वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती एकत्र केल्याच्या खुणा त्यात राहिल्या असाव्यात. कोविडच्या काळात छातीच्या एक्स-रेवरून निदान करणाऱ्या काही मॉडेलांमध्ये कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे आणि तुलनेचे लहान मुलांचे होते. मॉडेल मोठं आणि लहान ओळखायला शिकलं, सगळ्यांना वाटलं ते कोविड ओळखतंय.

सर्वांत जास्त आढळणारी गळती आपण स्वतः करतो, फाइल वाटताना. डोळ्यांच्याच विषयावर २०१५ मध्ये आधीची एक स्पर्धा झाली होती. तिच्यात प्रत्येक रुग्णाचे डावा आणि उजवा असे दोन फोटो होते. चिठ्ठ्या टाकून फोटो वाटले, तर एकाच माणसाचा डावा डोळा ट्रेनमध्ये आणि उजवा प्रिलिममध्ये जातो. दोन्ही डोळ्यांची अवस्था बरेचदा मिळतीजुळती असते, त्यामुळे प्रिलिमचे गुण फुगतात. वाटणी फोटोंची नको, माणसांची हवी.

मुद्दाम केलेली गळतीही घडली आहे. निराधार प्राणी किती लवकर दत्तक घेतले जातील, हे ओळखायची मलेशियातल्या एका संस्थेसाठी स्पर्धा झाली. विजेत्या संघाने खरी उत्तरं बाहेरून मिळवून कोडमध्ये लपवली होती आणि संशय येऊ नये म्हणून दहातल्या साधारण एकाच प्राण्याला वापरली होती. जानेवारी २०२० मध्ये ते उघडकीला आलं आणि संघ बाद झाला. त्या संस्थेला वापरता येईल असं मॉडेल हवं होतं, कुत्र्या-मांजरांना घर मिळावं म्हणून. हे वाचलं की मला आजही संताप येतो.

७. तास कसे वाटायचे

पहिले दोन तास कोडला हात न लावता फाइल आणि मूल्यमापनाचा परिच्छेद वाचा. पन्नास-शंभर फोटो स्वतः डोळ्यांनी बघा. मग प्रिलिमच्या ओळी काढा आणि संघातल्या सगळ्यांना त्याच ओळी वापरायला लावा, नाहीतर कुणाचे गुण कुणाशी ताडताच येत नाहीत. चौथ्या तासाच्या आत बेसलाइनचं सबमिशन झालेलं असावं, कितीही साधं असो. त्यानंतर एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलासमोर प्रिलिमचा आकडा वहीत. दोघांची उत्तरं वेगळ्या पद्धतींनी आलेली असतील तर शेवटी त्यांची सरासरी काढून बघा. वेगवेगळ्या चुका एकमेकींना छाटतात. शेवटच्या दोन तासांत नवं काही सुरू करू नका. मध्ये झोपा, निदान चार तास.

८. घरी बसून सराव

नेपाळी संशोधकांनी २०१५ साली हस्तलिखित देवनागरीचा एक संच खुला केला. ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या ९२,००० चित्रांत ३६ व्यंजनं आणि १० अंक, प्रत्येकाची २,००० चित्रं. सरावाला उत्तम, कारण साध्या लॅपटॉपवरही चालतो. चित्रं कमी पडली की ती थोडी फिरवून, उलटवून संख्या वाढवायची पद्धत आहे. डोळ्याचा फोटो आरशासारखा उलटवला तरी आजार तोच राहतो. इथे ३ उलटवून बघा. तो ६ सारखा दिसू लागतो. म्हणून कोणती युक्ती कुठे चालेल, हे चित्र बघूनच ठरवा.

या संचात ‘ळ’ नाही, स्वरही नाहीत. नेपाळीला ‘ळ’ लागत नाही, आपलं त्यावाचून पान हलत नाही. शिकवून झालेल्या मॉडेलला कागदावर ‘ळ’ लिहून दाखवा. ‘हे मला माहीत नाही’ असं ते म्हणू शकत नाही. त्याचे १०० टक्के ४६ खणांतच वाटले जातात, त्यामुळे कुठलं तरी भलतंच अक्षर ते सांगेल, कदाचित अगदी ठामपणे. मग सत्तेचाळिसावा खण स्वतः तयार करायला घ्या. घरातल्यांकडून, शेजाऱ्यांकडून, वर्गातल्या मुलांकडून ‘ळ’ लिहून घ्या, वेगवेगळ्या पेनांनी, आजी-आजोबांकडूनही. प्रत्येक कागदाच्या मागे लिहिणाऱ्याचा एक क्रमांक टाका. प्रिलिमसाठी चित्रं बाजूला काढताना त्या क्रमांकाने काढा, म्हणजे आजीचे सगळे ‘ळ’ एकाच बाजूला राहतील.